सातवी खोड

माझी कादंबरी सांगलीहून परत आली तेव्हा तिच्यासोबत प्रकाशकांचं एकपानी पत्र होतं. पत्रात कादंबरीच्या सात खोडी ओळीनं लिहिल्या होत्या. ते वाचून मी यार्डात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या टायरला अशी लाथ घातली की अंगठ्याचं नख दोन महिने काळं राहिलं. खोडी काढल्या म्हणून राग आला नव्हता. त्या सातच्या सात खोडी त्या माणसाला मीच सांगितल्या होत्या, त्याच्या टेबलासमोर बसून, त्याचा चहा पीत. त्यानं फक्त ‘मला वाटतं’च्या जागी ‘आम्हाला वाटते’ केलं होतं आणि खाली सही ठोकली होती.

स्वतःच्या मालाच्या खोडी स्वतः सांगणारा हा कोण शहाणा, असं कुणालाही वाटेल. त्यासाठी माझा धंदा सांगितला पाहिजे.

आमचं गाव औंधच्या बाजूला. वडील हेडी होते, म्हणजे जनावरांचे व्यापारी. आम्ही त्यांना आबा म्हणतो. बाजारात सौदा कसा होतो ते मी चड्डीत होतो तेव्हापासून बघत आलो. घेणारा आणि देणारा एका टॉवेलखाली हात घालतात आणि बोटं दाबून भाव ठरवतात. भोवती पन्नास माणसं माना लांब करून उभी असली तरी किती बोटं दाबली ते त्या दोघांनाच कळतं. एकानं बोट न दाबता हात सोडून दिला तर समजायचं, जनावर विकायचं नाही. मग पुढं बोलायचं नाही, रागवायचंही नाही.

भाव असा झाकून होतो, पण त्याच्या आधी एक गोष्ट मोठ्यानं, चारचौघांत सांगायची असते. ती म्हणजे खोड. लाथ मारतो, भर औतात खाली बसतो, डाव्या बाजूला जुंपला की जू टाकतो, जे असेल ते. खोड सांगून विकलेला बैल परत येत नाही. लपवून विकलेला येतो, आणि येताना चार माणसं घेऊन येतो.

आबा त्यात एक जास्तीची गोष्ट करायचे. खऱ्या खोडी सांगता सांगता हळूच एक खोटी सरकवायचे. “मागल्या पायात जरा लंगाडतोय बगा.” बैल ठणठणीत. कच्चं गिऱ्हाईक मान हलवायचं आणि भाव पाडायचं. पक्कं गिऱ्हाईक दोर हातात घेऊन बैल फिरवून आणायचं आणि म्हणायचं, “पावणं, लंगाडतोय कुटं? चेष्टा करताय व्हय आमची?” बैल त्यालाच मिळायचा, भाव थोडा कमी आला तरी. मी एकदा विचारलं, असं का? आबा म्हणाले, “ज्यानं बगून घेतला त्यो संबाळतोय. ज्यानं ऐकून घेतला, त्यो उद्या दुसऱ्याचं ऐकून इकून टाकतोय.”

बैल कमी झाले तसा मी जुन्या ट्रॅक्टरांकडं वळलो. साताऱ्याहून कोरेगावकडं जाताना रस्त्याला लागून माझं यार्ड आहे. शिक्षण बारावी, तेही दुसऱ्या खेपेला. पण आजपर्यंत मी कुणाचा एक पैसा अंगावर ठेवलेला नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण माझी कादंबरी एका कर्जबाजारी मांत्रिकावर आहे आणि लोक लगेच मिशीत हसून विचारतात, “स्वतःचंच लिहिलंय वाटतं?” नाही. स्वतःचं नाही. कर्ज कसं असतं ते बघायला स्वतः बुडावं लागत नाही, काठावर बसून धंदा केला तरी दिसतं.

कादंबरीतलं माझं शहर नदीच्या वळणावर आहे. सांगलीवाले म्हणतील ते त्यांचं, पण त्यातले चढ साताऱ्याचे आहेत. त्या शहरात मंत्र उसने मिळतात. कुलूप उघडायचा, पाऊस थांबवायचा, सिग्नलचा लाल दिवा हिरवा करायचा. पैसे लागत नाहीत, गहाण लागतं. माझ्या मांत्रिकानं आपली सावली एका पानपट्टीवाल्याकडं ठेवलीय आणि ती त्याला फक्त बाजाराच्या दिवशी वापरायला मिळते. लहानपणच्या घराचा वास एका बाईकडं गहाण आहे. ती पाण्यात राहते आणि वास हुंगत बसते. नगरपालिकेत भुतांची घरपट्टी भरायची वेगळी खिडकी आहे. सौदे टॉवेलखाली होतात, पण सावकार पिशाच्चांना सहा बोटं असल्यामुळं माणूस दर वेळी एका बोटानं फसतो. माझा मांत्रिक हुशार आहे, पण जुनं गहाण सोडवायला नवा मंत्र उसना घेतो आणि आणखी खोल जातो. त्या शहरातून त्याला सुटायचं आहे आणि शहर त्याला सोडत नाही. यार्डात दुपारी गिऱ्हाईक नसताना जुन्या डायऱ्यांत मी हे लिहिलं. तीन वर्षं लागली.

ते मला छापायचं होतं. स्वतःच्या खर्चानं छापून नातेवाइकांना वाटायचं नव्हतं. कुणीतरी बाहेरच्यानं बैलासारखं दात बघून, चालवून, घ्यावं असं वाटत होतं. एवढी एकच इच्छा होती, आणि ती त्या पत्रानं टायरखाली घातली.

आता ती पहिली भेट. प्रकाशक म्हणजे निवृत्त प्राध्यापक. सांगलीत पेठेत, हळदीच्या गोडाऊनच्या वर त्यांचं ऑफिस. जिना चढेपर्यंत हातावर पिवळी धूळ बसते. मी बाड टेबलावर ठेवलं. ते म्हणाले, “किती प्रती स्वतः उचलाल?”

“सर, आधी माल बघा.”

“बघू की. विषय काय?”

विषय सांगितला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. “मांत्रिक? आजच्या काळात? आणि शहरात?”

मला वाटलं, गिऱ्हाईक जनावराभोवती फिरायला लागलं. मग मी रीतीप्रमाणं खोडी सांगायला बसलो. पहिली साठ पानं काही घडत नाही. भुतं जास्त झालीत, वाचकाला मोजता यायची नाहीत. नगरपालिकेचं प्रकरण लांबलंय. मांत्रिक माझ्यासारखंच बोलतो. बाई म्हणावी तर एकच, तीही पाण्यात. शेवटी कर्ज फिटत नाही, कुणाला आवडणार नाही. सर लिहून घेत होते. मला बरं वाटत होतं. लिहून घेणारं गिऱ्हाईक मी बाजारात कधी पाहिलं नव्हतं. म्हटलं, हे फार पक्कं दिसतंय. आणि जिभेवर आलेलं बोलून गेलो, “आणि मांत्रिकाची बायको मधेच मरते, ते काही पटत नाही.”

सरांनी तेही लिहून घेतलं. “प्रामाणिक आहात,” म्हणाले. “ठेवून जा.”

माझ्या मांत्रिकाला बायको नाही. त्याची सावली गहाण आहे म्हणून त्याला कुणी मुलगीच दिली नाही, हे पहिल्या पानावर आहे. पहिल्या.

सहा महिन्यांनी आलेल्या त्या पत्रात सातवी ओळ अशी होती: ‘नायकाच्या पत्नीचा मृत्यू कथानकात नीट मुरलेला नाही व वाचकास तो पटत नाही.’

त्या दिवशी घरी जेवताना मी पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. बायकोचा घास हातातच राहिला. मला वाटलं, मी सरांवर चिडलोय तर तीही चिडेल. ती माझ्यावर चिडली.

“आवं, खोटंच सांगायचं हुतं तर बायकूच कशी मारलीसा? म्हस मारायची. सासरा मारायचा.”

“अगं, पुस्तकात बायकोच नाही.”

“त्ये तर लयच ब्येस. पुस्तकात न्हाई आन् सांगताना मेली!”

“त्या माणसानं न वाचता परत पाठवलंय, ते बघ.”

“त्यानं वाचलं न्हाई, आन् तुमी मला कवा वाचायला दिलंसा?”

मी पत्राची घडी करून खिशात घातली. आबा कोपऱ्यात खाटेवर बसून भाकरी कुस्करत होते. त्यांना आता कमी ऐकू येतं, पण हवं ते बरोबर ऐकू येतं. ते म्हणाले, “लंगडं न्हवतंच, तरी लंगडं म्हणून परत धाडलं व्हय?” आणि दात नसलेलं तोंड उघडून इतके हसले की ठसका लागला. मला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी जीप काढली आणि सांगलीला गेलो. बाड काखेत, टॉवेल खांद्यावर, पत्र खिशात. सर एकटेच होते. मला बघून म्हणाले, “या शेठ. पत्र मिळालं ना?”

“मिळालं. एक विचारायचं होतं. मांत्रिकाची बायको कितव्या पानावर मरते?”

“आता पान कसं लक्षात राहील? मध्यावर कुठंतरी.”

“कशानं मरते?”

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. “आजारपण असावं.”

“सर, त्याचं लग्न झालेलं नाही.”

खाली गोडाऊनमध्ये पोतं आपटल्याचा आवाज आला. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. माणूस मूर्ख नव्हता. लगेच उलटला.

“म्हणजे तुम्ही खोटं सांगितलंत. पुस्तक द्यायला आला होतात की माझी परीक्षा घ्यायला?”

“आमच्या धंद्याची रीत आहे ती.”

“हा बाजार नव्हे.”

“नव्हे? मग बूड टेकायच्या आत ‘किती प्रती उचलाल’ कशाला विचारलंत? बाजारात तरी आधी बैलाकडं बघतात.”

“आवाज खाली घ्या.”

“नाही घेत. सहा खोडी माझ्या, सातवी माझी, कागद तेवढा तुमचा. तुमच्यापेक्षा पोस्टमन बरा. त्यानं निदान बाड हातात तरी घेतलं.”

मी टेबलावर ठेवलेलं बाड उचललं. सरांनी दुसरं टोक धरलं. आम्ही दोघं पिकल्या केसांचे पुरुष टेबलाच्या दोन बाजूंनी ते ओढत होतो. “ठीक आहे,” ते म्हणाले, “छापतो. झालं समाधान? छापतो म्हटलं ना.”

यानं माझं डोकं आणखी फिरलं. “न बघता नाकारलं ते एक. आता न बघता घेता? मला भीक नको.”

“मग काय हवंय तुम्हाला?”

“तीन आठवडे देतो. मी न सांगितलेली एक खोड काढून दाखवा. खरी. नाही निघाली तर हे पत्र तुमच्या जिन्याच्या तोंडाला चिकटवतो, आणि खाली मांत्रिकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स.”

बाड सोडून मी निघालो. जिना दोन-दोन पायऱ्या टाकत उतरलो. रागानं, असं मी जीप चालवताना स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे मला भीती वाटली होती की खोड निघणारच नाही, कारण तो माणूस वाचणारच नाही.

तीन आठवड्यांना एक दिवस कमी असताना फोन आला. मी पाटणकडच्या दोघा भावांना एक ट्रॅक्टर दाखवत होतो. बाजूला जाऊन फोन घेतला.

“मी पूर्ण वाचली,” सर म्हणाले. आवाजात लोणी नव्हतं. “दोनदा. आता ऐका. तुमच्या शहरात एकही माणूस खरं बोलत नाही. पानपट्टीवाला लबाड, पाण्यातली बाई लबाड, नगरपालिकेतलं भूतसुद्धा पावती खोटी देतं. असं शहर एक दिवस चालणार नाही, शेठ. कुणीतरी खरं बोलतं म्हणून तर बाकीच्यांचं खोटं खपतं. हे मी तुम्हाला सांगावं? तुम्ही तर बाजारातले.”

मागं पाटणचा एक भाऊ ट्रॅक्टरचं बॉनेट उघडून बघत होता.

“लिहिणारा सगळ्या जगावर डूख धरून बसलाय, एवढंच मला चारशे पानांत कळलं. ही आठवी खोड. ही तुम्ही सांगितली नव्हती.”

मी काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. फोन बंद करून परत आलो तर पाटणचा थोरला भाऊ चाकाजवळ उकिडवा बसला होता. “काय खोड आसंल तर सांगा की.”

मी सांगितली. हायड्रॉलिक ढिलं आहे, ओझं धरून ठेवत नाही. क्लच प्लेट वर्षात बदलावी लागेल. मीटर चालत नाही, तेव्हा किती तास चाललाय ते मलाही माहीत नाही.

“येवडंच?”

“एवढंच.”

त्यानं धाकट्याकडं बघितलं. “घिऊया रं. चुलत्यानं हितनंच नेलाय. जे सांगितलं त्येच निगालं, त्याच्या भायेर काय न्हाई.”

मला त्या क्षणी सांगलीच्या त्या माणसाचा इतका राग आला की ट्रॅक्टर विकल्याचं सुखही लागलं नाही. माझं यार्ड ज्या गोष्टीवर उभं होतं, नेमकी तीच मी माझ्या शहरात ठेवायला विसरलो होतो. आणि ते मला हळदीच्या धुळीत बसलेल्या, बैलाचं शेपूटही न धरलेल्या माणसानं दाखवावं? मी, ज्याचं कुणाकडं काही देणं नाही, तो आता एका गोष्टीचा देणेकरी झालो होतो. ते फेडायला पैसे चालणार नव्हते. माझ्या मांत्रिकाला असंच वाटत असेल, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. तोपर्यंत मी त्याच्या कर्जावर चारशे पानं लिहिली होती.

चार महिने पुन्हा लिहिलं. घाटाच्या पायरीवर एक म्हातारी सावकारीण आणून बसवली. ती मंत्र द्यायच्या आधी खोड सांगते. “ह्यो तिसऱ्या येळंला उलाटतोय. घ्यायचा तर घे, न्हाई तर ऊठ.” तिला पाचच बोटं आहेत. मांत्रिक तिला फसवायला जातो, कारण त्याला सवय तीच आहे, आणि फसवून झाल्यावर त्याला झोप लागत नाही. बाकी सगळं गहाण तसंच राहतं, पण तिचं तेवढं तो फेडतो. शेवट मी बदलला नाही, तो त्या म्हातारीमुळं बदलला. बायकोनं हे वाचलं. वाचून एवढंच म्हणाली, “आता कशी बाई आली शहरात.”

मग प्रश्न उरला, द्यायचं कुणाला. कोल्हापूरचा एक प्रकाशक तयार होता, बोलायलाही गोड होता. मी त्यालाच देणार होतो. सांगलीच्या माणसाला छापील प्रत पोस्टानं पाठवायची आणि आत काही लिहायचं नाही, असं मी मनात पक्कं केलं होतं. आबांना सांगितलं.

आबा म्हणाले, “दात कुणी बगितलं?”

“सांगलीवाल्यानं. पण आधी न बघता परत...”

“आदीचं ऱ्हाऊ दे. बगितलं कुणी?”

“त्यानंच.”

“मग त्येचं जनावर त्येला दे. मला काय इचारतोस?”

“आबा, तो माणूस मला डोळ्यासमोर नको.”

“डोळ्याम्होरं कोण ठेव म्हणतंय? जनावर दे, आन् घरला ये.”

दिलं. पण सौदा असा केला की सरांनी दोनदा पाणी मागितलं. मी एकही प्रत उचलणार नाही. नगरपालिकेचं प्रकरण एका ओळीनं कमी होणार नाही. मांत्रिक जसा बोलतो तसाच बोलेल. मनोगतात त्यांचे आभार मागितले, ते मी दिले नाहीत. “आठवी खोड कुणी काढली?” ते म्हणाले. “सातवी खोटी, हे कुणाला कळलं नाही?” मी म्हणालो. तिथं त्यांनी आभारांचा आग्रह सोडला.

पुस्तक आलं तेव्हा लेखकाच्या प्रती द्यायला सर स्वतः साताऱ्याला आले. मी त्यांना यार्डातल्या खोलीत बसवलं. खुर्ची पुसून दिली, चहा दिला. समोरच्या भिंतीवर त्यांचं पत्र काचेच्या फ्रेममध्ये लावलेलं आहे, सातव्या ओळीखाली लाल रेघ. कपाळावरचा चष्मा खाली घेऊन त्यांनी ते पूर्ण वाचलं. गिऱ्हाइकं विचारतात आणि मी सांगतो, हे त्यांना कळायला वेळ लागला नाही.

“हे काढा आता,” ते म्हणाले. “पुस्तक छापलं ना मी?”

“छापलंत.”

“चांगलं छापलं?”

“चांगलं छापलंत.” ते खरंच चांगलं छापलं होतं. कागद, बांधणी, कुठं बोट ठेवायला जागा नव्हती.

“मग? काय घ्याल त्या फ्रेमचं? बोला.”

मी खांद्यावरचा टॉवेल काढून मधे धरला. त्यांना रीत माहीत होती, चारशे पानं दोनदा वाचली होती. त्यांनी टॉवेलखाली हात घातला. हात मऊ होता आणि थोडा घामेजलेला. मी तो धरला. त्यांनी माझी चार बोटं दाबली, थांबले, मग अंगठाही दाबला. मी एकही बोट न दाबता हात सोडून दिला आणि टॉवेल खांद्यावर टाकला.